अकरा कोरे शेरे

फोन आला तेव्हा बिननागा गॅलरीत बसून समोरच्या इमारतीच्या टाकीवर नजर ठेवून होते. टाकी भरली की वरच्या नळीतून पाणी सांडायचे, आणि ते किती मिनिटे सांडले हे मोजल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. एकतीस वर्षे धरणाचे पाणी मोजलेल्या माणसाला दुसरा छंद तरी कुठला जडणार?

त्यांचे खरे नाव आता फक्त पेन्शनच्या कागदावर उरले आहे. रोज सकाळी सात वाजता धरणाच्या आतल्या बाजूच्या एकशे बारा पायऱ्या उतरायच्या, भिंतीवर रंगवलेल्या मोजपट्टीवर पाणी कुठवर आले ते वाचायचे, वर येऊन रजिस्टरात लिहायचे, ही त्यांची नोकरी. त्यात एकही नागा नाही म्हणून वसाहतीतल्या कुणीतरी थट्टेने ‘बिननागा’ म्हटले आणि तेच चिकटले. निवृत्त होताना खात्याने थट्टा पुढे नेली. ‘एकतीस वर्षांत एकही दिवस अनुपस्थित नाही’ असे छापलेले प्रमाणपत्र चौकटीत घालून दिले. ते आता लेकीच्या घरात टीव्हीच्या वर आहे. तिथे ते लेकीनेच लावले, आणि कौतुकाने लावले असे समजू नका.

फोनवर एक बाई होत्या. आवाज तरुण, पण बोलण्यात घाई नव्हती. त्यांचे ऑफिस म्हणे देशाच्या विजेचे मॉडेल करते. म्हणजे कॉम्प्युटरमध्ये एक खोटा देश मांडायचा, त्यात खोटे दिवस उजाडायचे, आणि बघायचे की वारा पडला, ढग दाटले, तर तलावांतल्या पाण्यावर दिवे किती दिवस चालतील. त्यासाठी प्रत्येक तलावात कामाचे पाणी किती हे पक्के ठाऊक हवे. या धरणाचा आकडा त्यांना तीन पुस्तकांत सापडला होता. पहिल्याने खाली लिहिले होते, ‘दुसऱ्यावरून घेतले’. दुसऱ्याने तिसऱ्याचे नाव दिले होते. तिसऱ्याने पहिल्याचे. बाई हे सांगताना हसल्या, पण त्या हसण्यात बऱ्याच महिन्यांचा वैताग होता.

“खात्यानं टाइप केलेला तक्ता आहे माझ्याकडे,” त्या म्हणाल्या, “पण मला मूळ कागद बघायचा असतो. रजिस्टरं रद्दीत चालली होती, ती तुम्ही घरी नेलीत असं कळलं. सगळी दाखवाल का? निदान सात नंबरचं तरी?”

बिननागांना फोन ठेवून द्यावासा वाटला. तोंडाने मात्र ते या, जरूर या, असेच म्हणाले, कारण नाही म्हणण्याची सवय त्यांना आयुष्यात कधी लागली नव्हती. गुरुवारी अकरा वाजता, असे ठरले. फोन खाली ठेवला तेव्हा समोरची टाकी सांडायची थांबली होती आणि किती मिनिटे सांडली ते त्यांना सांगता आले नसते.

सात नंबर. बासष्ट रजिस्टरांतून बाईंनी बरोबर त्याच रजिस्टरावर बोट ठेवले होते.

बिननागा मुळातच भित्रे. पोस्टमनला भ्यायचे, छापील पत्राला भ्यायचे, साहेबाच्या जीपचा आवाज घाटात आला की इकडे यांचे हातपाय गार पडायचे. लोकांना वाटे, केवढी ही निष्ठा. निष्ठा कसली, भीती होती नुसती. तापाने फणफणलेले असतानाही ते पायऱ्या उतरले आहेत, कारण वर पडून राहण्यापेक्षा उतरणे कमी भीतीचे वाटे. या माणसाने अकरा दिवस चोरले असतील असे वसाहतीत कुणाला सांगितले असते, तर सांगणाऱ्यालाच वेड्यात काढले असते.

चोरले होते, पण. आता ते सांगायला हवे.

त्यांना काम शिकवले ते एका म्हाताऱ्या मोजणीदाराने. रजिस्टरात शेवटचा रकाना असतो, ‘शेरा’. साहेब लोक तो बघतही नाहीत. म्हाताऱ्याने मात्र एक नियम घालून दिला होता: शेऱ्यात रोज अशी एक गोष्ट लिहायची, जी खाली उतरल्याशिवाय दिसत नाही. घरी बसून आकडा कुणीही लिहील, शेरा लिहायला पाण्यापाशी जावे लागते. म्हणून बिननागांच्या रजिस्टरात ‘पट्टीला शेवाळ, घासून वाचले’ असे असते. ‘लाटा, तीनदा वाचले.’ ‘नव्वदाव्या पायरीवर खेकडा, हलत नाही.’ ‘पाण्यावर एका पायातली चप्पल.’ एका तपासनिसाने एकदा हे वाचून विचारले होते, की तुम्ही पाणी मोजता की कादंबरी लिहिता.

नोकरीच्या चौथ्या वर्षी त्यांचे कायम होणे एका अटीवर अडले होते. वर्षभर सलग हजेरी हवी, एक दिवस कमी पडला तर पुन्हा पहिल्यापासून. वर्षाला तीन आठवडे उरले असताना बायकोला आठव्याच महिन्यात रक्तस्राव सुरू झाला. साहेब दौऱ्यावर. बदली माणूस मागवायला अर्ज करायचा, तो पोचायला आठवडा. वीजघराच्या ऑपरेटरने जीप दिली, त्याची बायको सोबत बसली, आणि बिननागा काही न बोलता मागच्या सीटवर चढले. चार तासांवरच्या इस्पितळात ते अकरा दिवस राहिले. ऑपरेटरने कुणाला सांगितले नाही, विचारणाऱ्याला ‘आत्ताच पट्टीवर गेलेत’ म्हणायचा.

परत आले तेव्हा पट्टीवर पंचेचाळीस पूर्णांक दहा मीटर होते. जाताना सेहेचाळीस चाळीस होते. ऑपरेटर म्हणाला, मधे फार खाली गेले होते, तळ दिसायला लागला होता, मग वरच्या धरणाने पाणी सोडले म्हणून निभावले. फार म्हणजे किती, हे त्याने मोजले नव्हते. ते त्याचे कामच नव्हते. बिननागांनी एका बैठकीत अकरा आकडे लिहिले. सेहेचाळीस चाळीसवरून उतरत नेले, त्रेचाळीस वीसला टेकवले, पुन्हा चढवले. त्रेचाळीस वीस का? तर फार खाली म्हणजे तेवढे असावे असे वाटले. आकडे लिहून झाले. शेऱ्याच्या रकान्यात मात्र हात चालेना. अकरा खाने कोरे राहिले, आणि साहेबाने नेहमीप्रमाणे न बघता खाली सही केली.

मग खोट्याला खोटे जोडत जावे लागले. रजिस्टर म्हणत होते बिननागा धरणावर होते, म्हणून सगळ्यांना तेच सांगायचे ठरले. इस्पितळात बायकोसोबत ऑपरेटरची बायको होती, बस. लेक लहान होती तोवर तिला खरे सांगायची सोय नव्हती, वसाहतभर बोलून आली असती. ती मोठी झाली तोवर तिला गोष्ट पाठ झाली होती: आई मरणाच्या दारात, आपण उबेच्या काचेच्या पेटीत, आणि बाबा पट्टी वाचत होते. बायको एकदोनदा म्हणाली, आता सांगून टाकू या. बिननागांनी हात जोडले. कायमचा हुकूम रद्द होईल, क्वार्टर जाईल. पुढे नोकरी संपली तरी भीती संपली नाही, मग प्रमाणपत्र आले, आणि चार वर्षांपूर्वी बायको गेली.

लेक आता अडतिसाची. रक्त तपासायच्या लॅबमध्ये असते, आणि नमुन्यावर वेळ लिहिलेली नसेल तर तो परत पाठवते. बापाला तिने घरी आणले, औषधे वेळेवर देते, आवाज कधी चढवत नाही. फक्त तिच्या स्वतःच्या बाळंतपणाच्या वेळी तिने फोनवर सांगितले होते, “तुम्ही येऊ नका बाबा, उगाच नागा पडेल.” तेव्हा ते निवृत्त होऊन दोन वर्षे झाली होती.

बाई येणार हे ऐकून ती म्हणाली, चला, शेवटी तुमच्या पट्टीला कुणीतरी विचारले. आणि गुरुवारची अर्धी रजा टाकून मोकळी झाली. बिननागांच्या तोंडचे पाणी पळाले. लेक समोर बसणार हे त्यांनी धरलेच नव्हते.

मधले दिवस कसे गेले ते त्यांचे त्यांना ठाऊक. दाराची बेल वाजली की वाटे, बाई आधीच आल्या. त्यांनी सात नंबर ट्रंकेतून काढून गादीखाली ठेवले, मग वाटले गादी उंच दिसते, म्हणून कपाटामागे सरकवले, मग तिथे वाळवीची भीती वाटून पुन्हा ट्रंकेत. बासष्टांतले नेमके एकच गहाळ झाले तर ते कुणाच्याही डोळ्यांत भरेल, हेही त्यांना कळत होते.

बुधवारी दुपारी लेक कामावर असताना ते रजिस्टर उघडून बसले. शाईचे जुने पेन भरून ठेवले होते. अकरा शेरे, त्यात काय. शेवाळ, लाटा, खेकडा, वारा. बासष्ट रजिस्टरांतले कुठलेही अकरा उचलले असते तरी खपले असते. पेनचे टोक कागदाला लागण्याआधीच घामाने बोटे घसरली. त्या अकरा दिवसांकडे बघितले की त्यांना पाणी दिसतच नव्हते. हिरवे दार दिसत होते. बाहेरचे बाक, त्याची एक फळी निघालेली. सात वाजले की नर्स पाच मिनिटे आत सोडायची, तेव्हा काचेच्या पेटीपाशी उभे राहून ते घड्याळ लावून लेकीचे श्वास मोजायचे आणि औषधाच्या कागदामागे लिहून ठेवायचे. मोजणे एवढेच येत होते त्यांना. तो कागद बायकोच्या उशाशी राहिला, पुढे त्याचे काय झाले हे त्यांनी कधी विचारले नाही.

पेनाला टोपण लावून त्यांनी रजिस्टर मिटले. त्याऐवजी एक वाक्य तयार केले: हाताला लागले होते. तेच वाक्य ते जेवतानाही मनात घोकत होते.

गुरुवारी बाई अकराला पाच कमी असताना आल्या. खांद्याला पिशवी, हातात पट्टी आणि पेन्सिल. चपला दाराबाहेर काढून सरळ ट्रंकेपाशी जमिनीवरच बसल्या. तासभर त्या पहिली सहा रजिस्टरे चाळत राहिल्या. मधेच खेकड्याचा शेरा वाचून हसल्या, हा दोन दिवस तिथेच होता वाटते, म्हणाल्या. बिननागा सोफ्याच्या टोकाला गुडघे जुळवून बसले होते. लेक जेवायच्या टेबलाशी हाताची घडी घालून.

मग सात नंबर उघडले. बाईंचे बोट शेऱ्याच्या रकान्यावरून उतरत आले आणि थांबले.

“काका, इथे अकरा दिवस शेरा नाही.”

“हाताला लागलं होतं,” बिननागा म्हणाले. “आकडा तेवढा कसाबसा लिहायचो.”

बाईंनी मान हलवली आणि वहीत लिहून घेतले. एवढ्यावरच भागले. बिननागांना सुटल्यासारखे वाटायला हवे होते, पण बाईंनी इतक्या सहज ठेवलेला विश्वास त्यांना सोसेना.

त्यातच बाई आता समजावून सांगू लागल्या. सात नंबरच का, तर धरणाच्या सगळ्या इतिहासात सर्वांत खालचा आकडा यात आहे, त्रेचाळीस वीस. वीजघराची वही वाळवीने खाल्लेली, पण खात्याचे म्हणणे की त्या काळात मशीन एकदाही थांबले नाही. याचा अर्थ पाणी त्रेचाळीस वीसपर्यंत उतरले तरी वीज मिळते. पाणी त्याखाली गेले की मशीनच्या नळात हवा शिरते, मशीन थरथरते, बंद करावे लागते. मॉडेलने त्रेचाळीस वीस हाच तळ धरला, आणि त्या हिशेबाने टंचाईत हे धरण पूर्ण शहराला अठरा दिवस सांभाळते. म्हणून पुढच्या वर्षी कोळशाचे जुने वीजकेंद्र बंद करायचे ठरते आहे.

“तळ एक मीटरनं जरी वर असला, तरी अठराचे आठ-नऊच राहतात,” बाई म्हणाल्या. “उरलेले दिवस फक्त कागदावर. मग वीज जाईल, आणि घरांचं सोडा, इस्पितळांचं काय? म्हणून मी एवढी मागे लागलेय. हा आकडा मोजलेला आहे याला अजून एखादा आधार मिळाला असता तर बरं झालं असतं.”

“आधार मी आहे ना,” टेबलापासून लेक म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच, सपाट. “या तारखा बघा. यातल्या पहिल्याच दिवशी पहाटे माझा जन्म झाला. आई बेशुद्ध होती, मी पेटीत होते, आणि बाबा धरणावर होते. अकरा दिवसांत एकदाही आले नाहीत. तेव्हा आकडे पक्के आहेत, बिनधास्त लिहून घ्या.”

बाई जरा चपापल्या. मग त्यांनी हळूच विचारले, की असे लिहू का, मुलीच्या जन्मतारखेवरून पडताळले? आणि पेन्सिल टेकवली.

आयुष्यभर जे खोटे सांभाळले ते समोर येऊन बसले होते, आणि त्याला खोटे ठरवायला त्यांच्याशिवाय कुणी उरले नव्हते. त्यांनी तोंड उघडले नसते तर ही गोष्ट कायमची खरी झाली असती. लेकीने स्वतः सही केली असती तिच्यावर. त्यांना पेटी दिसली, आणि सहाव्या दिवशी तिच्यावरचा दिवा विझला ते दिसले.

“लिहू नका,” ते म्हणाले. “मी तिथे नव्हतो.”

पेन्सिल थांबली. पुढचा प्रश्न बाईंनी नाही, लेकीने विचारला. “मग कुठे होता?”

“हिरव्या दाराबाहेर. बाकावर.” थांबले असते तर पुन्हा सुरू करता आले नसते, म्हणून ते लेकीकडे न बघता, जमिनीवरच्या रजिस्टराकडे बघत बोलत राहिले. आकडे सगळे मनाचे आहेत. त्रेचाळीस वीस मोजलेले नाही. मशीन थांबले नाही हे खोटे आहे. सहाव्या दिवशी इस्पितळातली वीज गेली होती, त्या गावाला वीज याच धरणाची. पेटी गार पडत चालली होती. नर्सने गरम पाण्याच्या बाटल्या लावल्या आणि त्यांना सांगितले, मोजत राहा, कमी झाले की हाक मारा. ते चाळीस मिनिटे मोजत होते.

लेक उठली आणि आत गेली. कपाटाचे दार आपटल्याचा आवाज आला. बिननागांना वाटले, संपले, आता बॅग भरून आपल्याला जिन्यावर आणून ठेवील. त्यांनी बाईंना विचारले, माझे काय होईल? बाई खोटे बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या. म्हणाल्या, खात्याला कळवावे लागेल, ते काय करतील मला सांगता येणार नाही.

लेक बाहेर आली तेव्हा तिच्या हातात तिच्या जन्माच्या कागदांची प्लॅस्टिकची फाइल होती. तिने तिच्यातून घडीवर फाटत आलेला एक पिवळा कागद काढला आणि सात नंबरच्या उघड्या पानाशेजारी ठेवला. कागदावर अकरा ओळी होत्या. तारीख, वेळ सात, श्वास, आणि शेवटी एक रकाना पेनने आखलेला. सात हा आकडा दोन्हीकडे सारखाच होता, खाली लांब शेपूट असलेला. एकीकडे अकरा कोरे खाने, आणि दुसरीकडे त्याच अकरा तारखांचे शेरे.

बाईंनी हात न लावता, वाकून वाचले. “‘सहावा दिवस, श्वास चौतीस. वीज गेली, चाळीस मिनिटे. हाक मारली.’” मग त्यांनी वहीत त्रेचाळीस वीसवर आडवी रेघ मारली आणि पुढे लिहिले, मोजलेले नाही. त्या गावच्या सबस्टेशनची त्या दिवसाची वही शोधायला हवी, असे स्वतःशीच पुटपुटल्या, आणि कागदाचा फोटो घेऊ का असे विचारले. लेकीने मान डोलावली, पण मूळ कागद मिळणार नाही म्हणाली.

मग ती सोफ्यावर बापाशेजारी येऊन बसली, आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवले. ‘अकरावा दिवस, श्वास अठ्ठेचाळीस. माझे बोट धरले, सोडत नाही.’

“आई म्हणायची, नर्सनं लिहिलंय,” ती म्हणाली.

“नर्सला कुठला वेळ,” बिननागा म्हणाले.

जिना चढून आल्यासारखा लेकीचा श्वास भरभर चालला होता, आणि मधेच अडकत होता. बिननागांची तिच्याकडे बघायची छाती झाली नाही. त्यांनी समोरच्या भिंतीवर, प्रमाणपत्राच्या बाजूला टांगलेल्या घड्याळाच्या सेकंदकाट्यावर नजर धरली आणि मोजायला सुरुवात केली.